‘नाही’ म्हणणारा मुलगा
जोतीराव फुले ह्यांचे ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ पुन्हा वाचताना

भिवंडी तालुक्यातील दापोडे, वळ, माणकोली, काल्हेर ह्या गावांच्या शिवारात जेथे एके काळी भाताची खाचरे होती, तेथे आज गोदामांच्या रांगा उभ्या आहेत. रविवारी सकाळी मिस्सेला निघालेल्या कुटुंबाला मालमोटारींमधून वाट काढावी लागते. गोदामातील काम पाळ्यांनी चालते. त्याला वार ठाऊक नसतो. अशाच एका गोदामात राबणाऱ्या आमच्या एका तरुणाने अभ्यासवर्गात प्रश्न विचारला, “आमचे एक मुकादम देव मानत नाहीत, पण त्यांनी कधी कोणाची हजेरी कापली नाही. दुसरे कामाला हात लावण्यापूर्वी रोज प्रार्थना करतात आणि महिनाअखेरीस हमालांचे पैसे अडकवून ठेवतात. मग माणूस चांगला होण्यासाठी देवाची गरज ती काय?” आम्ही त्याला जे उत्तर दिले ते पाठ केलेले होते. देव नसेल तर नीतीला पाया उरत नाही, असे काहीसे आम्ही बोललो. ते त्याला पटले नाही, आणि खरे सांगायचे तर आमचे आम्हांलाही पुरेसे वाटले नाही.

घरी आल्यावर जे पुस्तक पुन्हा हाती घ्यावेसे वाटले ते आमच्या धर्मपरंपरेतील नव्हते. ते होते जोतीराव फुले ह्यांचे ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’. माणसाने चांगले असणे हे कोणत्या धर्मग्रंथावर वा कोणत्या पुरोहितावर अवलंबून आहे काय, हा प्रश्न मराठीत इतक्या थेटपणे फार थोड्यांनी विचारला आहे. ह्या पुस्तकाची चर्चा बहुधा सामाजिक चळवळीच्या अंगाने होते. श्रद्धावंत ख्रिस्ती वाचकाने ते आपल्या विवेकबुद्धीसमोर ठेवून वाचावे, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पुस्तकाची जन्मकथाच विलक्षण आहे. 1888 साली जोतीरावांना पक्षाघाताचा झटका आला आणि त्यांची उजवी बाजू लुळी पडली. तेव्हा त्यांनी डाव्या हाताने हे पुस्तक लिहिले आणि 1889 च्या एप्रिलमध्ये ते पुरे केले. 28 नोव्हेंबर 1890 रोजी त्यांचे निधन झाले व 1891 साली त्यांचे दत्तकपुत्र यशवंत ह्यांनी ते प्रसिद्ध केले. म्हणजे एका परीने हे मृत्युपत्रच आहे. आयुष्यभर शाळा काढल्या, पाण्याचा हौद खुला केला, सत्यशोधक समाज उभा केला. आता अखेरीस आपण हे सारे कोणत्या श्रद्धेने केले ते सांगावे, अशा भावनेने लिहिलेले.

ज्यांचा जोतीरावांशी परिचय नाही अशा वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ते ख्रिस्ती धर्माला परके नव्हते. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत ते शिकले. त्या वेळच्या अहमदनगरमधील अमेरिकन मिशनच्या मुलींच्या शाळा त्यांनी पाहिल्या होत्या आणि 1848 साली मुलींची शाळा काढताना तो आदर्श त्यांच्यासमोर होता. मिशनऱ्यांच्या कार्याबद्दल त्यांनी कृतज्ञतेने लिहिले आहे. ‘गुलामगिरी’त तर प्रभू येशूला त्यांनी बळीराजाच्या मालिकेत बसविले. शूद्रांच्या लाडक्या राजाचे नाव त्यांनी त्याला द्यावे ह्याहून मोठा मान कोणता? तरीही त्यांनी बाप्तिस्मा घेतला नाही. थॉमस पेनच्या लिखाणाचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला होता. सृष्टीचा कर्ता आहे हे ते मानीत आणि त्याला ‘निर्मीक’ म्हणत. परंतु त्याने एखाद्या ग्रंथातून वा एखाद्या जातीच्या मुखातून आपली इच्छा सांगितली, हे त्यांना मान्य नव्हते. थोडक्यात, प्रभूच्या मळ्याच्या कुंपणाशी येऊन आत येण्यास त्यांनी ‘नाही’ म्हटले.

पुस्तक संवादरूप आहे. समाजातील वेगवेगळी माणसे प्रश्न विचारतात, जोतीराव उत्तरे देतात. आमच्या पिढीच्या वाचकांना ह्या रचनेने धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरे आठवतील. फरक असा की आमच्या प्रश्नोत्तरांत प्रश्नकर्ता कोण ते कधी कळत नसे. प्रश्न जणू उत्तरासाठीच जन्माला आलेला असे. येथे प्रश्नकर्त्याला नाव आहे, आडनाव आहे, घर आहे. बळवंतराव विचारतात, यशवंतही वडिलांना विचारतो. भाषा रांगडी, बोलीच्या अंगाने जाणारी, पुनरुक्तीचे भय न बाळगणारी. लालित्य शोधणाऱ्याची येथे निराशा होईल. परंतु शेतकऱ्याच्या ओसरीवर बसून ऐकावे असा तिचा ओघ आहे, आणि नीतिविचार पंडितांच्या परिभाषेतून काढून त्या ओसरीवर आणणे हे ह्या ग्रंथाचे पहिले वाङ्मयीन यश होय.

पहिलाच प्रश्न सुखाविषयी आहे: मनुष्यमात्र सुखी कशाने होईल? उत्तर एका शब्दात सांगता येते: सत्यवर्तनाने. निर्मिकाने सर्व स्त्रीपुरुषांना स्वतंत्र निर्माण केले, सारख्या हक्कांचे धनी केले. म्हणून जो दुसऱ्याचे हक्क हिरावीत नाही, आपल्या सुखासाठी दुसऱ्याला पिडीत नाही, कष्ट करून आपल्या कुटुंबाचे पोषण करतो, तो सत्यवर्तन करणारा. पूजा, नामस्मरण, नैवेद्य, अनुष्ठान ह्या एकेका विषयाला ते ह्याच कसोटीवर घासतात. ज्याने फुले निर्माण केली त्याला फुले वाहून त्याच्यात काय भर पडणार? नैवेद्य दाखवायचाच तर पोरक्या, पंगू माणसांना अन्न द्यावे. स्वर्गाच्या कल्पनेला ते थारा देत नाहीत. पुरुषाला अनेक बायका चालत असतील तर स्त्रीने तसेच केल्यास पुरुषाला कसे वाटेल, असा प्रश्न विचारून ते वाचकाला निरुत्तर करतात.

श्रद्धावंत वाचक येथे दचकेल. परंतु पवित्र शास्त्र उघडून पाहावे. आमोसच्या ग्रंथाचा पाचवा अध्याय आणि यशयाच्या ग्रंथाचा अठ्ठावन्नावा अध्याय वाचल्यावर कोणते वाक्य संदेष्ट्याचे आणि कोणता विचार फुल्यांचा हे सांगणे अवघड व्हावे, इतके साम्य आहे. न्यायावाचून चाललेला उत्सव देवाला नकोसा होतो आणि भुकेल्याला भाकरी देणे हाच खरा उपवास, हे संदेष्ट्यांनीच प्रथम सांगितले. ‘प्रभू, प्रभू’ म्हणणाऱ्या प्रत्येकाचा स्वर्गराज्यात प्रवेश होणार नाही, ही तर खुद्द येशूची शिकवण. संत योहानाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात सत्य ही आचरण्याची गोष्ट मानली आहे. ‘सत्यवर्तन’ ह्या फुल्यांच्या शब्दाला ह्याहून जवळचा आधार शोधूनही सापडणार नाही.

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे वळू. शास्त्र आणि वेदी ह्यांच्या बाहेर उभ्या असलेल्या माणसाला चांगले काय ते कळते का? आम्ही वर्गात दिलेले उत्तर ‘नाही’कडे झुकणारे होते. आपल्या ख्रिस्तसभेचे उत्तर मात्र तसे नाही. संत पौल रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात म्हणतो की ज्यांना नियमशास्त्र मिळाले नाही अशी परराष्ट्रीय माणसेही स्वभावतः त्याप्रमाणे वागतात, कारण ते त्यांच्या अंतःकरणावर लिहिलेले आहे. संत थॉमस अक्वायनस ह्यांनी ह्याच पायावर निसर्गसिद्ध नीतिनियमाचा विचार उभारला. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने 7 डिसेंबर 1965 रोजी जाहीर केलेल्या ‘आधुनिक जगातील ख्रिस्तसभा’ ह्या दस्तऐवजात सदसद्विवेकबुद्धीला माणसाचा अंतरंगातील गाभारा मानले, आणि त्याच दस्तऐवजात एक कबुलीही दिली: श्रद्धावंतांचे धार्मिक, नैतिक वा सामाजिक जीवन सदोष असले तर ते देवाचे मुख प्रकट करण्याऐवजी झाकून टाकते, आणि नास्तिकतेच्या वाढीत त्यांचाही वाटा असू शकतो. महिनाअखेरीस पैसे अडकविणारा तो प्रार्थनाशील मुकादम आम्हांला ह्या ओळींच्या समासात उभा दिसतो.

तेव्हा नीतीचा मक्ता आमच्याकडे नाही, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. फुल्यांनी निदान निर्मीक तरी मानला. आगरकर अज्ञेयवादी होते. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात ज्यांची हत्या झाली ते डॉ. नरेंद्र दाभोलकर देव न मानता विवेकाच्या वाटेने चालत राहिले. अशा माणसांच्या चांगुलपणाकडे पाहून आम्ही चिंतातुर व्हावे, हीच मुळात अल्पश्रद्धा आहे. सूर्य सर्वांवर उगवतो असे मानणाऱ्यांनी दुसऱ्याच्या अंगणातील ऊन पाहून अस्वस्थ का व्हावे?

एवढेच नव्हे, तर आम्ही त्यांचे ऋणीही आहोत. ज्या रविवारच्या मिस्सेसाठी कामगाराला सवड मिळते तो रविवारच पाहा. मुंबईच्या गिरण्यांत कामगारांना हक्काची साप्ताहिक सुटी नव्हती. तिच्यासाठी 1884 पासून लढले ते नारायण मेघाजी लोखंडे; ठाण्यात जन्मलेले, जोतीरावांचे सहकारी, ‘दीनबंधू’चे संपादक. 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. खंडोबाचा वार म्हणूनही तो दिवस कामगारांना जवळचा होता. त्यानंतर वर्षभराच्या आत, 15 मे 1891 रोजी, पोप तेरावे लिओ ह्यांचे ‘रेरुम नोव्हारुम’ हे परिपत्रक निघाले. त्यात कामगाराच्या न्याय्य वेतनाची आणि विश्रांतीच्या दिवसाची बाजू मांडली होती. एक आवाज रोमहून आला, दुसरा परळ-भायखळ्याच्या चाळींतून. दोघांची ओळख नव्हती. मागणी एकच होती. आज गोदामांच्या पाळ्यांत तो रविवार पुन्हा हरवू लागला आहे, आणि त्याविषयी बोलण्याचे काम लोखंड्यांच्या वारसांइतकेच आमचेही आहे.

ह्या पुस्तकातील दोन बाण आम्हांला थेट लागतात. पहिला भाषेचा. देवाचे ग्रंथ जर सर्वांच्या उद्धारासाठी असतील तर ते सर्वांना कळणार नाहीत अशा भाषेत का कोंडून ठेवावेत, असा फुल्यांचा आक्षेप आहे. त्यांचा रोख वेदांवर आणि संस्कृतवर होता. परंतु फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 सालीच मराठीत छापले गेले असतानाही आमची मिस्सा मात्र 1963 च्या उपासनाविषयक सुधारणेपर्यंत लॅटिनमध्येच चालत होती. आमच्या आज्या न समजणाऱ्या शब्दांना भक्तिभावाने ‘आमेन’ म्हणत. त्यांची भक्ती खोटी नव्हती. पण आक्षेपही खोटा नव्हता.

दुसरा बाण अधिक खोल जातो. फुल्यांनी एका कुटुंबाचे चित्र रंगविले आहे. त्यात आई बौद्ध ग्रंथ वाचून बौद्ध होते, वडील जुना व नवा करार वाचून ख्रिस्ती होतात, मुलगी कुराण वाचून इस्लाम स्वीकारते, मुलगा सत्यधर्मी होतो. आणि सारी एकमेकांचा हेवा न करता, एकाच निर्मिकाची लेकरे म्हणून गोडीने राहतात. हे चित्र आमच्या घरांत आता कल्पनेचे राहिलेले नाही. एखादी मुलगी अन्यधर्मीय सहकाऱ्याशी विवाह करण्याचा मनोदय सांगते तेव्हा घरात काय घडते ते आपण जाणतो. ख्रिस्तसभेच्या 1983 च्या धर्मसंहितेत अशा विवाहासाठी परवानगीची तरतूद आहे, आणि कॅथलिक जोडीदाराने आपली श्रद्धा जपण्याचे व मुलांना तिच्यात वाढविण्यासाठी शक्य ते करण्याचे वचन द्यावे, अशी अट आहे. म्हणजे फुल्यांचे कुटुंब आणि आमची शिकवण एक नव्हेत. श्रद्धा ही आम्हांला केवळ वाचनाची निवड वाटत नाही, ती वारशाने द्यायची ठेव वाटते. हा भेद लपवू नये. परंतु अशा वेळी आमच्या घरांत जो आकांत होतो तो नेहमी श्रद्धेसाठीच असतो काय? मुलगा कॅथलिक असूनही दुसऱ्या जातीचा निघाला तर तोच आकांत का होतो? एकाच वेदीवरून भाकर घेणारे आम्ही सोयरीक जुळविताना जात विचारतो, तेव्हा फुल्यांचा न बाप्तिस्मा घेतलेला निर्मीक आमच्यापेक्षा अधिक ख्रिस्ती ठरतो.

इतके ऋण मान्य केल्यावर ह्या ग्रंथाच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. नाहीतर ही समीक्षा न होता निव्वळ आरती होईल. पहिली उणीव स्वराची. ग्रंथाचे नाव ‘सार्वजनिक’. पण त्यातील पुष्कळ पाने एका वर्गावरील संतापाने भरलेली आहेत. तो संताप भोगलेल्या अन्यायातून आला आहे आणि त्याला उत्तर देण्याचा अधिकार अन्याय करणाऱ्यांना नाही. तरीही व्यवस्थेवरचा घाव जेथे सबंध समुदायावर पडतो तेथे ग्रंथ आपल्याच तत्त्वाला उणा पडतो.

दुसरी उणीव विधींविषयीची. पूजा-अनुष्ठानांना निरोप दिल्यावर फुल्यांना ह्याच पुस्तकात जन्म, लग्न आणि अंत्यविधी कसे करावेत ते सांगावे लागले. वधूवरांसाठी मंगलाष्टकेही रचावी लागली. ह्यात विसंगती पाहून कोणी हसू नये. माणसाचे मन केवळ नियमांवर जगत नाही, त्याला कृतज्ञतेचे शब्द आणि एकत्र जमण्याचे निमित्त लागते, ह्याची ही साक्ष आहे. प्रार्थनेला त्यांनी लाच समजून नाकारले. प्रार्थना म्हणजे आभारही असतात हे त्यांच्या स्वतःच्या लेखणीने सिद्ध केले.

तिसरी उणीव आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि त्या तरुणाच्या प्रश्नाचे उत्तरही तेथेच आहे. ह्या ग्रंथात पाप म्हणजे काय ते सांगितले आहे, पुण्य म्हणजे काय ते सांगितले आहे. सत्यवर्तन करणाऱ्याची लक्षणे ओळीने दिली आहेत. परंतु ज्याच्या हातून सत्यवर्तन घडले नाही त्याने पुढे काय करावे? जो पडला त्याने उठावे कसे, आणि त्याला हात कोणी द्यावा? क्षमेचे स्वतंत्र प्रकरण ह्या ग्रंथात नाही. नीतिशास्त्र, मग ते फुल्यांचे असो वा पाश्चात्त्य तत्त्वज्ञांचे, माणसाला रस्ता दाखविते. रस्ता चुकून खड्ड्यात पडलेल्याला ते रस्ता किती सरळ होता हेच पुन्हा सांगू शकते. ख्रिस्ती श्रद्धेचे वेगळेपण येथे सुरू होते. आम्ही चर्चमध्ये जातो ते चांगली माणसे म्हणून नव्हे. मिस्सेच्या आरंभीच आम्ही आपली चूक कबूल करतो. प्रायश्चित्तसंस्कार आम्हांला मिळाला तो आम्ही इतरांहून शुद्ध आहोत म्हणून नव्हे, तर आम्हांला त्याची गरज आहे म्हणून. देव हा नीतीचा केवळ पहारेकरी असता तर चांगल्या माणसाला त्याच्यावाचून चालले असते. पण तो उधळ्या मुलाची वाट पाहणारा बाप आहे.

आणि येथे जोतीरावांच्या चरित्राने आम्हांला पुन्हा नम्र केले. जे त्यांच्या ग्रंथात नाही ते त्यांच्या घरात होते. फसविल्या गेलेल्या विधवांना समाज मृत्यूच्या दारात लोटत होता, तेव्हा 1863 साली त्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. तेथे त्या स्त्रियांना दोष न देता आसरा मिळाला. काशीबाई ह्या ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी आणि सावित्रीबाईंनी आपला म्हणून वाढविला. ज्या जातीवर लेखणी तुटून पडली त्याच जातीच्या लेकराला मांडी मिळाली. तोच यशवंत. पुढे तो डॉक्टर झाला, आणि 1897 च्या प्लेगात सावित्रीबाई आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्याच्या दवाखान्यात गेल्या. 10 मार्च 1897 रोजी त्यांना प्लेगानेच मृत्यू आला. त्यापूर्वी महिनाभर, 9 फेब्रुवारीला, लोखंडेही त्याच साथीत गेले. वाटेवर पडलेल्या जखमी माणसाला उचलून नेणाऱ्या शोमरोनीचा दाखला आम्ही लहानपणापासून ऐकतो. तो शोमरोनीही आमच्या मंदिरातला नव्हता.

संत मत्तयच्या शुभवर्तमानाच्या एकविसाव्या अध्यायात दोन मुलांचा दाखला आहे. बापाने दोघांना मळ्यात जाऊन काम करण्यास सांगितले. पहिला ‘नाही’ म्हणाला, पण नंतर मन पालटून गेला. दुसरा ‘जातो’ म्हणाला आणि गेला नाही. बापाची इच्छा कोणी पुरी केली, असा येशूचा प्रश्न आहे. आणि तो त्याने विचारला आहे मंदिरातील वडीलधाऱ्यांना. ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ मिटविताना आम्हांला वाटले की जोतीराव हे ‘नाही’ म्हणून मळ्यात गेलेल्या मुलाचे मराठी नाव आहे, आणि दुसऱ्या मुलाचे नाव आम्ही नीट शोधले तर ते आपल्या धर्मग्रामाच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत सापडेल.

पण दाखल्यातील बापाने दुसऱ्या मुलाला घराबाहेर काढल्याचे कोठे लिहिलेले नाही. मळ्यात जाण्यास अजून वेळ आहे. तो तरुण पुन्हा भेटला की आम्ही त्याला पाठ केलेले उत्तर देणार नाही. तुझ्या त्या देव न मानणाऱ्या मुकादमाचा आदर कर, असे सांगू. त्याच्या अंतःकरणावर जे लिहिले आहे ते कोणाच्या हातचे आहे ते आपल्याला ठाऊक आहे, त्याला ठाऊक नसले तरी. दुसऱ्यासाठी प्रार्थना कर, आणि हमालांचे अडकलेले पैसे मागायला त्यांच्याबरोबर तूही जा. आणि तुझ्या स्वतःच्या हातून कधी कोणाचे पैसे अडकले, तर परत ये. देवाची गरज काय, ह्या प्रश्नाचे आमच्याजवळचे उत्तर त्या दिवशी तुला कळेल.